पटावरून कमी केलेलं नाव

सोमवार, १९ फेब्रुवारी. दुपारी साडेतीन. शाळेचा पहिला मजला, मुख्याध्यापकांच्या दालनाशेजारची लहान खोली.

हजर : मुख्याध्यापक. तिसरीच्या दुसऱ्या वर्गाच्या वर्गशिक्षिका मियाता-सेन्से. नगरपालिकेच्या शिक्षण खात्यातले निशिओ-सान. मुलीचे वडील प्रशांत गोडांबे, आई तेजल गोडांबे. दुभाषी म्हणून मी.

गैरहजर : ओवी गोडांबे, वय नऊ. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

माझ्या वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. फक्त शेवटचं वाक्य त्या दिवशीचं नाही. ते मी सप्टेंबरात, वेगळ्या शाईने लिहिलं.

मला वह्यांची सवय आहे. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी पुण्याहून जपानला आलो तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. सामानाची यादी दोन वर्षांच्या हिशोबानेच केली होती. त्याला आता पंधरा वर्षं होतील. टोकियोच्या पूर्वेला, खाडीकाठच्या एका उपनगरात राहतो. उरायासुला राहणाऱ्यांना वर्णन वाचून आपलंच गाव वाटेल, पण ते नाही. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मला इथेच काम करायचं आहे.

काम असं. इथल्या नगरपालिकेच्या शाळांमध्ये परदेशी मुलं येतात, त्यात आपली पुष्कळ. मुलाला जपानी येत नाही, आईबापांना त्याहून येत नाही, आणि शिक्षकांना जपानीशिवाय काही येत नाही. या तिघांच्या मधल्या खुर्चीवर मी बसते. वर्गात मुलाच्या कानाशी बसून गणित समजावते, पालकसभेत दुभाष्याचं काम करते, घरी आलेली पत्रकं वाचून दाखवते. पत्रकं म्हणजे महिन्याला पंचवीस-तीस. जपानी शाळा बोलत नाही, पत्रकं पाठवते. शाळेतले लोक मला ‘घाटगे-सान’ म्हणतात आणि आपल्या बायका ‘उज्ज्वलाताई’.

नवीन येणाऱ्यांसाठी मी ‘पहिले शंभर दिवस’ नावाची यादी केली आहे. पाठीवरचं कडक दप्तर. शाळेत आत घालायचे पांढरे बूट, टाचेवर नाव. फरशी पुसायचं फडकं, घरी शिवलेलं, त्यावरही नाव. प्रत्येक खडूवर नाव. एका आईने विचारलं होतं, “ताई, पोराच्या कपाळावर पण लिहू का?” मी म्हटलं, यादीत नाहीये, पण थांब, पुढच्या पत्रकात येईल.

शाळेच्या कामापेक्षा मला फोन जास्त येतात ते घर शोधणाऱ्यांचे. इथे सरकारी शाळा निवडता येत नाही. तुमचा पत्ता तुमची शाळा ठरवतो. त्यामुळे आपली मंडळी आधी शाळा ठरवतात आणि मग तिच्या हद्दीत घर बघतात. गेल्या जानेवारीत कावासाकीहून एका गृहस्थांचा फोन आला.

“मॅडम, तुमचा नंबर ग्रुपवर मिळाला. एकच विचारतो. बेस्ट स्कूल एरिया कुठला?”

“कशात बेस्ट?”

“ओव्हरऑल हो. रिझल्ट, क्राउड, सगळं.”

“इथे प्राथमिक शाळेला रिझल्ट नसतो.”

“मग कळतं कसं चांगली आहे ते?”

चिडायचं कारण नव्हतं. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. अकरा वर्षांत मी सात शाळांमध्ये बसले आहे. शाळा चांगली की कशी हे मी दहा मिनिटांत सांगू शकते असा माझा दावा होता. दाराशी मुलांच्या बुटांची फळी बघायची, टाचा एका रेषेत आहेत का. दुपारी तीन वाजता मुलांच्या संडासात जाऊन यायचं. सकाळी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला कोपऱ्यावर पिवळा झेंडा घेऊन कुणी पालक उभे असतात का, की ते काम शाळेवर टाकलंय. मुख्याध्यापकांना पहिलीतल्या मुलांची नावं येतात का. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं : साडेआठला हजेरी झाली आणि एक मूल न कळवता आलं नाही, तर त्याच्या घरी किती वाजता फोन जातो. चांगल्या शाळेतून पावणेनऊच्या आत जातो. नऊ वाजून गेले तर दुसरा एरिया बघा.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी सगळं टाइप करून घेतलं आणि वर विचारलं, “संडासाचा पॉइंट सीरियस आहे का?”

अगदी सीरियस. इथे मुलं शाळा स्वतः झाडतात, संडाससुद्धा. यावरून दरवर्षी एखादं घर पेटतंच. एका आईने मला रडत सांगितलं होतं, “आमच्या घरात त्याने पाण्याचा पेला उचललेला नाही, आणि इथे लोकांचा संडास? सासऱ्यांना कळलं तर मला उभी चिरतील.” सासरे मुंबईचे, बँकेतून निवृत्त झालेले, तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना कळलंच. ते तक्रार द्यायला कोट घालून शाळेत आले, मी दुभाषी. नेमकी सफाईची वेळ होती. मुख्याध्यापक मुलांच्या संडासात गुडघ्यावर बसून फरशी घासत होते आणि यांचा नातू त्यांना, कोपरा राहिला, असं बोटाने दाखवत होता. आजोबा दोन मिनिटं दारात उभे राहिले आणि तक्रार न देताच परत गेले. दुसऱ्या दिवशी त्या आईचा फोन, “ताई, सासऱ्यांनी सकाळी आमचा संडास घासला. आता मी काय करू?”

मी म्हटलं, आभार मान आणि ब्रश लपवू नकोस.

दुसरे एक गृहस्थ मोठ्या आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. जून-जुलैत पोहण्याचे तास असतात तेव्हा रोज सकाळी मुलाचं तापमान कार्डावर लिहून सही करावी लागते. कार्ड नसेल तर मूल काठावर बसतं. यांनी महिनाभराचं तापमान पहिल्याच दिवशी भरून दिलं. रोज ३६.५. रविवारीसुद्धा. शिक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “घाटगे-सान, यांना पुढच्या आठवड्याचं तापमान आत्ताच कसं कळलं?” टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्या बापाला विचारलं तर म्हणाले, “ताई, रोज रेंजमध्येच असतो तो. अपडेट काय करायचं?” असं आधीच भरलेलं कार्ड शाळा धरत नाही; महिनाभर त्यांचा मुलगा टॉवेल पांघरून काठावर बसला होता.

असे किस्से मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत सांगते. लोक हसतात, आणि सांगताना मला मी फार हुशार वाटते. या लेखासाठी असे दहा किस्से निवडून ठेवले होते. आठ काढून टाकले. राहिलेल्या जागेत ओवीचं लिहिते.

ओवी दुसरीत असताना आली. तिचे वडील प्रशांत पुण्याच्या कंपनीतर्फे इथल्या एका बँकेचं काम करतात. तेजल तिकडे लॅबमध्ये होती, इथे स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे सदा उघड्या असणाऱ्या दुकानात, पार्ट-टाइम करते. शंभर दिवसांची यादी सर्वांत वेगाने पुरी करणारं घर. चौऱ्याहत्तराव्या दिवशी ओवी शिक्षिकेशी जपानीत बोलत होती. मला तिच्याशेजारी बसायची गरज उरली नाही, आणि मी तिच्या नावापुढे खूण केली.

तिसरीत, ऑक्टोबरपासून, सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी सोमवारी, मग कधीही, मग रोज. डॉक्टरला काही सापडलं नाही. छळ वगैरे नव्हता. शाळेने वर्गातल्या एकेकाला विचारलं. जेवणाचं काही असेल असं तेजलला वाटायचं. शाळेत सगळ्यांना एकच जेवण मिळतं, त्यात मांसमच्छी असते म्हणून ओवीला घरचा डबा. आधी तेजल महिन्याचा तक्ता बघून तसाच दिसणारा डबा करायची; त्यांची करी त्या दिवशी हिची करी. नोकरी लागल्यावर ते जमेना. पण हे कारण असेल असं मी म्हणत नाही. कारण आजही मला माहीत नाही. डिसेंबरपासून ती शाळेत गेलीच नाही.

त्यानंतर मियाता-सेन्सेंचं येणं सुरू झालं. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. दर मंगळवारी शाळा सुटल्यावर सायकलने गोडांबेंच्या इमारतीखाली यायच्या. बेल दाबायच्या, इंटरकॉमच्या कॅमेऱ्यासमोर वाकून नमस्कार करायच्या आणि सांगायच्या, “मियाता आहे. आजची पत्रकं आणली आहेत. वर्गात आज मुळ्याचं बी पेरलं.” मग पाकीट टपालाच्या पेटीत टाकून निघून जायच्या. वर यायला मागायच्या नाहीत. ओवीला बोलवा असंही म्हणायच्या नाहीत. पाकिटात आठवड्याचा अभ्यास आणि वर्गातल्या कुणाची तरी चार ओळींची चिठ्ठी.

प्रशांत मंगळवारी घरून काम करायचे. जानेवारीत त्यांनी मला गाठलं.

“ताई, हे थांबवता येईल का? दर मंगळवारी दाराशी. शेजारी बघतात. पोलीस चौकशीला आल्यासारखं वाटतं हो. आणि बेल वाजली की ओवी बाथरूममध्ये जाऊन दार लावते.”

“त्या चांगल्यासाठी येतात.”

“मान्य. पण प्रेशर येतं ना पोरीवर. आम्ही बघतोय तिला इंडियन स्कूलमध्ये टाकायचं, टोकियोत. तोपर्यंत हे बंद करायचा काही ऑफिशियल मार्ग?”

मार्ग होता आणि तो मला माहीत होता. जपानी मुलाला शाळा सक्तीची आहे, परदेशी मुलाला नाही. जपानी मूल वर्षभर आलं नाही तरी त्याचं नाव पटावर राहतं. शाळा त्याच्या मागे राहते. परदेशी पालकांनी मात्र एका पानाचा अर्ज दिला की मुलाचं नाव कमी होतं, आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला काढतात तसं. फरक इतकाच, की दुसऱ्या शाळेचा कागद दाखवावा लागत नाही. कुठे जाणार ते सांगायचं, बस.

प्रश्न आला की उत्तर द्यायचं, अडलं असेल तर रस्ता दाखवायचा, या वृत्तीवर माझं सगळं काम चालतं. मी रस्ता दाखवला. अर्जाचा नमुना आणला, कुठे काय लिहायचं त्यावर पेन्सिलने खुणा करून दिल्या. बैठकीची तारीखही मीच जुळवली.

बैठकीच्या आदल्या शनिवारी सुपरमार्केटमध्ये तेजल भेटली. कोथिंबिरीच्या दोन काड्यांची पुडी हातात घेऊन ठेवत होती, परत घेत होती.

“ताई, तिकडे वेटिंग आहे हो. बेचाळिसावा नंबर.”

“मग सोमवारचं पुढे ढकलायचं का?”

“हे म्हणतात एप्रिलपर्यंत होईल. लोक बदलून जातात ना मार्चमध्ये.” मग पुडी टोपलीत टाकून म्हणाली, “तुम्ही यांना बोलू नका हं. मी सांगितलं म्हणून.”

नाही बोलले.

दुभाष्याचे तीन नियम असतात. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, आपलं घालायचं नाही. नवीन मदतनिसांना मी स्वतः हे शिकवते. तुम्ही खोलीत नसल्यासारखं बसायचं.

सोमवारी सगळं झटपट झालं. प्रशांतनी कोट घातला होता. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. निशिओ-सानांनी अर्ज उलटसुलट बघितला आणि सगळे रकाने भरले आहेत म्हणून माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली. तेवढ्यात मियाता-सेन्से म्हणाल्या, “एक विचारू का? उद्या सकाळी ओवी-सान कुठे जाणार?”

मी तो प्रश्न मराठीत सांगितला. आहे तसा.

प्रशांत म्हणाले, “सांगा त्यांना, सगळं सेट आहे. इंडियन स्कूल. एप्रिलपासून.”

तेजलने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. आणि मी ते वाक्य जपानीत सांगितलं. वाढवलं नाही, गाळलं नाही, आपलं घातलं नाही. इतकं स्वच्छ भाषांतर मी क्वचित केलं असेल.

मियाता-सेन्से म्हणाल्या, “एप्रिलला अजून सहा आठवडे आहेत.”

मुख्याध्यापक म्हणाले, “तोवर घरी विश्रांती मिळेल.”

मी दोन्ही वाक्यं भाषांतरित केली. प्रशांतनी सही केली. चार वाजता सगळे उठले, सगळ्यांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला. निशिओ-सान मला जिन्यात म्हणाले, “घाटगे-सान असल्या की काम सोपं होतं.” मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

बाहेर बुटांच्या फळीशी मियाता-सेन्से ओवीच्या कप्प्यावरची नावाची पट्टी नखाने काढत होत्या. पट्टी नीट निघत नव्हती. आतले पांढरे बूट, जलरंगांची पेटी, फरशीचं फडकं त्यांनी एका कागदी पिशवीत घातलं. गोडांबे निघून गेले होते म्हणून पिशवी माझ्या हातात दिली. संध्याकाळी घरी जाताना मी ती पोचवली. दार ओवीने उघडलं, पिशवीत डोकावून बघितलं, ती दोन्ही हातांनी घेतली आणि आत नेली. मी वहीत लिहिलं : गोडांबे — पूर्ण. पुढे खूण.

दीर्घकाळ गैरहजर असलेल्या मुलांची संख्या शाळा दर महिन्याला वर कळवते. त्या महिन्यात आमच्या शाळेतली ती संख्या एकाने कमी झाली. कागदावर शाळा होती त्याहून थोडी चांगली झाली. कावासाकीच्या गृहस्थांनी मार्चमध्ये त्याच हद्दीत घर घेतलं. मुलीला पहिलीत घालून मला पेढे आणून दिले.

एप्रिल गेला, मे गेला. मला वीस नवी मुलं आली. ओवीची चौकशी मी केली नाही. खूण केलेल्या नावांकडे मी परत बघत नाही. तशी वेळच नसते.

सप्टेंबरात आमच्या मंडळाचा गणपती असतो, नगरपालिकेच्या सभागृहात. तिथे बूट बाहेर काढावे लागतात. आपली दोनशे माणसं, म्हणजे दारात चपलांचा ढीग. मी पोचले तेव्हा एक मुलगी दारात उकिडवी बसून ते जोड लावत होती. प्रत्येक जोड उचलायचा, टाचा जुळवायच्या, टोकं बाहेरच्या बाजूला करून ओळीत ठेवायचा. शाळेत शिकवतात तसं. आरती सुरू झाली तरी ती उठली नाही.

“ओवी?” मी म्हटलं. “किती उंच झालीस गं! कितवीत आता?”

तिने उठून वाकून नमस्कार केला आणि जपानीत सांगितलं, “तिसरी, दुसरा वर्ग.”

तिच्या वर्गातली मुलं एप्रिलपासून चौथीत आहेत.

तेजल स्वयंपाकाच्या ओट्यापाशी खिरापत वाटत होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, “नाही झालं ताई. अठरावा नंबर आहे आता.”

“मग ती दिवसभर करते काय?”

“ऑनलाइन आहे काहीतरी. कधी लावते, कधी नाही. माझ्या ड्यूटीवर असतं.” तिने खिरापतीच्या ताटावरचं झाकण सारखं केलं. “सुरुवातीला रोज सकाळी साडेआठला ते शाळेचे बूट घालून टेबलापाशी बसायची. मी म्हणायचे, घरात कशाला गं? अकरा वाजता काढून ठेवायची.”

“किती दिवस?”

“मेपर्यंत. मग पायाला होईनात.”

प्रशांत आले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

“ताई, इथे नको हा विषय. सणाचा दिवस आहे.”

“एक अर्ज दिला की उद्या परत घेतात तिला. मी करून आणते सगळं, तुमची फक्त सही.”

“आणि मग परत ते मंगळवारचं? नको. पोरगी आत्ता कुठे शांत झाली आहे.” आवाज चढला नव्हता. “आणि खरं सांगू का, कागद तुम्हीच आणून दिला होतात. तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.”

त्यांचं खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्यात गेले. निशिओ-सानांनी फाईल काढली. ओवीच्या पानावर लिहिलं होतं : भारतीय शाळेत प्रवेश निश्चित. माहितीचा आधार : पालकांचं निवेदन, दुभाषी घाटगे यांच्यामार्फत. खाली सहीच्या जागी माझा शिक्का.

“तो प्रवेश झालेला नाही,” मी म्हटलं. “मला तेव्हाच माहीत होतं.”

निशिओ-सानांनी ते पान पुन्हा वाचलं. वाईट माणूस नाही. तीन हजार मुलांचे कागद सांभाळतो.

“आम्ही एक पत्र पाठवू शकतो,” ते म्हणाले. “पालकांनी अर्ज केला तर लगेच घेऊ. नाही केला तर... सातवीच्या प्रवेशाच्या वेळी नियमाप्रमाणे पुन्हा पत्र जातं.”

“म्हणजे तीन वर्षांनी.”

“अडीच,” ते म्हणाले. मग पान बंद करताना, “अर्ज आणा, घाटगे-सान. मी त्याच दिवशी शिक्का मारीन.”

मियाता-सेन्सेंना सांगणं जास्त अवघड होतं. त्या यंदा पहिलीला आहेत. मी सगळं सांगितलं, सुपरमार्केटमधलंही. त्यांनी वर्गाची खिडकी लावली, फळ्यावरची खडूची भुकटी पुसली.

“मला तेव्हा वाटलं होतं की काहीतरी राहतंय,” त्या म्हणाल्या. “तुमचा चेहरा बघून. पण मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.” मग म्हणाल्या, “आता मी त्यांच्या दाराशी जाऊ शकत नाही. ती आमची विद्यार्थिनी नाही.”

“मी तर शाळेची कुणीच नाही,” मी म्हटलं.

“हो,” त्या म्हणाल्या. “म्हणून तुम्ही जाऊ शकता.”

निघताना त्यांनी फळीतला एक कप्पा दाखवला. चौथीच्या रांगेत, खालून दुसरा, रिकामा. शाळेकडे बुटांचे जादा जोड असतात. माप कळलं तर नाव लिहून ठेवते, म्हणाल्या. जुने वीस नंबरचे होते; इथे नंबर म्हणजे पायाची लांबी, सेंटिमीटरमध्ये. वर्षात मुलांचा पाय एक नंबर वाढतो, काहींचा दोन.

कावासाकीचे गृहस्थ आता माझ्याकडे नव्या लोकांना पाठवतात. परवा एका बाईंनी तोच प्रश्न विचारला, चांगला एरिया कुठला. मी नेहमीची यादी सुरू केली. बुटांची फळी, संडास, पिवळा झेंडा. शेवटच्या मुद्द्याशी अडखळले. पावणेनऊच्या आत फोन जातो, हे खरंच आहे. ओवीच्या घरी रोज जायचा. फोनच नव्हे, शिक्षिका सायकलवरून जायची. माझ्या यादीप्रमाणे ही शाळा पूर्ण पास आहे, आणि तिच्या हद्दीत, शाळेपासून सहा मिनिटांवर, एक मुलगी दिवसभर घरी बसली आहे. “हॅलो? मॅडम, आवाज येतोय का?” त्या विचारत होत्या. मी म्हटलं, येतोय, दोन दिवसांनी फोन करते. केलेला नाही.

मी मंगळवारी जाते. मंगळवारचं काही ठरवलं नव्हतं, माझा मोकळा दिवस तोच आहे. चार वाजता इमारतीखाली बेल दाबते. प्रशांत आता मंगळवारी ऑफिसला असतात, तेजल ड्यूटीवर. पहिल्या मंगळवारी कुणी उचललं नाही. मी पेटीत पाकीट टाकलं, त्यात भरलेला अर्ज, सहीच्या जागी पेन्सिलची फुली. दुसऱ्या मंगळवारी वर इंटरकॉम उचलल्याचा खट् आवाज आला आणि तसाच थांबला. कॅमेऱ्यात माझा चेहरा दिसत असणार. काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते. एवढी याद्या करणारी बाई, आणि एक वाक्य लिहून आणलं नव्हतं. शेवटी म्हटलं, “घाटगेमावशी आहे. पाकीट ठेवतेय.” आणि वाकून नमस्कार केला. बाजूच्या सायकलतळावरचे आजोबा माझ्याकडे बघत होते. पोलीस आल्यासारखं वाटतं, असं प्रशांत म्हणाले होते. बरोबर वाटतं.

काल तिसरा मंगळवार झाला. खट् आवाजानंतर या वेळी जपानीत उत्तर आलं, हळू, पण स्पष्ट.

“घरी कुणी नाहीये.”

“बरं,” मी म्हटलं. आणि मग पायाचं माप विचारायला तोंड उघडलं, तर लाइन बंद झाली होती.

हा लेख शुक्रवारी संपादकांकडे जायचा आहे. पुढचा मंगळवार त्यानंतर येतो. वहीतल्या जुन्या पानावरची खूण मी खोडली आहे. नव्या पानावर दोन ओळी आहेत.

गोडांबे — अर्जावर सही.

ओवी — पायाचं माप. एकवीस की बावीस?

दोन्हींपुढचे चौकोन रिकामे आहेत.